एक ठोका, आठ फ्लिप-फ्लॉप

टेबल मोकळं करा, दिवा जवळ ओढा आणि चहाचा कप जरा लांबच ठेवा. आज आपण आठ फ्लिप-फ्लॉपची रांग बांधणार आहोत. बटण दाबलं की पेटलेला एलईडी एक घर पुढे सरकेल. दोन नाही, एकच. हे ‘एकच’ सांभाळायचं काम क्लॉकच्या तारेचं. डेटाच्या तारा थोड्या वेड्यावाकड्या गेल्या तरी खपतं, क्लॉकचे लाड मात्र करावेच लागतात. म्हणून क्लॉकच्या वाटेत आपण एक बफर बसवणार आणि तिथून चार सारख्या वाटांनी तो पुढे नेणार.

खरं तर आठ फ्लिप-फ्लॉप हाकायला ७४एचसी घराण्यातलं एखादं गेटही पुरतं. तरीही बफर लावूनच बांधा. उद्या रांग सोळाची, बत्तिसाची झाली की काहीच मोडून बांधावं लागणार नाही.

सामान

७४एचसी७४ चार (एकात दोन फ्लिप-फ्लॉप), ७४एचसी२४४ एक (हाच आपला बफर), ७४एचसी१४ एक. मोठा ब्रेडबोर्ड एक, छोटा एक. लाल एलईडी नऊ, पुश बटणं तीन. रेझिस्टर: ४७ ओहमचे चार, १०० ओहमचा एक, १ किलोओहमचे दहा, १० किलोओहमचे दोन, १०० किलोओहमचा एक. कपॅसिटर: ०.१ मायक्रोफॅरडचे सहा (अंगावर १०४ छापलेलं असतं), १ मायक्रोफॅरडचा एक, १० मायक्रोफॅरडचे दोन. ५ व्होल्टचा सप्लाय, मल्टिमीटर, आणि एकेरी तांब्याची हूकअप वायर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हे सगळं मिळतं. फक्त आयसी हातात आल्यावर अंगावरची अक्षरं स्वतः वाचा. ‘एचसी’च्या जागी ‘एलएस’ किंवा ‘एचसीटी’ असेल तर परत द्या. एलएसचं आउटपुट एचसीच्या इनपुटला पुरेसं वर चढत नाही, आणि अशी खिचडी झाली की दोष शोधताना रात्र जाते.

आधी वीज

१. मोठ्या बोर्डाच्या वरच्या आणि खालच्या लाल पट्ट्या एका तारेने जोडा. निळ्यांचंही तसंच करा. बऱ्याच मोठ्या बोर्डांवर या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. लाल-निळी रेघ मधे थांबलेली दिसली, तर तिथे छोटा जंपर टाका.

२. सप्लाय जिथे येतो तिथे लाल आणि निळ्या पट्टीत १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा. पट्टा छापलेला पाय निळ्या पट्टीत. उलटा लावलात तर तो फुगतो, कधी फुटतोही.

३. सप्लाय चालू करून बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. ५ च्या आसपास हवेत. ७४एचसी ६ व्होल्टपर्यंतच सहन करतो, तेव्हा ९ व्होल्टची बॅटरी थेट लावायचा मोह नको.

४. सप्लाय बंद करा. आता थेट पायरी २३ पर्यंत तो बंदच राहील.

आयसी बसवा

५. मोठ्या बोर्डावर डावीकडून उजवीकडे या क्रमाने आयसी बसवा: ७४एचसी१४, पहिला ७४, दुसरा ७४, मग २४४, मग तिसरा ७४, चौथा ७४. बफर मुद्दाम मधे घेतलाय, म्हणजे चारही ७४ त्याच्यापासून साधारण सारख्याच अंतरावर राहतात. प्रत्येकाची खाच डावीकडे. तशी ठेवली की पिन १ खाली डाव्या कोपऱ्यात येते, आकडे खालून उजवीकडे जातात आणि वरून परत येतात. एखादा पाय आयसीखाली दुमडला गेला नाही ना, हे बाजूने डोळा लावून बघा. वरून ते कळत नाही.

६. १४ पायांच्या पाचही आयसींची पिन १४ लाल पट्टीला आणि पिन ७ निळ्या पट्टीला जोडा.

७. २४४ ची पिन २० लालला आणि पिन १० निळ्याला जोडा. तो २० पायांचा आहे, सवयीने ७ आणि १४ ला जाऊ नका.

८. प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लाल-निळ्यात लावा. पाय जितके आखूड कापाल तितकं बरं. ‘नंतर लावू’ म्हणून ही पायरी टाळली जाते, आणि मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला सप्लाय हलतो.

बटणापासून स्वच्छ ठोका

९. क्लॉकचं बटण छोट्या बोर्डावर मधल्या खाचेवर आडवं बसवा आणि तारा त्याच्या तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांना जोडा. चार पायांपैकी दोन-दोन आतून आधीच जोडलेले असतात. चुकीची जोडी धरलीत तर बटण कायम दाबलेलंच राहतं. तिरकी जोडी कधीच फसवत नाही.

१०. बटणाची एक तार ग्राउंडला न्या. दोन्ही बोर्डांच्या निळ्या पट्ट्या आणि लाल पट्ट्या एकमेकींना जोडायचं हेच ते ठिकाण, विसरू नका.

११. बटणाची दुसरी तार १०० ओहममधून ७४एचसी१४ च्या पिन १ ला आणा.

१२. पिन १ वरून १० किलोओहमचा रेझिस्टर लाल पट्टीला लावा. रंग तपकिरी-काळा-नारिंगी. तिसरा पट्टा लाल दिसला तर तो १ किलोओहम आहे, बाजूला ठेवा.

१३. पिन १ आणि ग्राउंडमध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पट्ट्याचा पाय ग्राउंडला. बटण एकदा दाबलं तरी आतली पत्री काही मिलिसेकंद टकटक करते. ती टकटक हा कपॅसिटर गिळतो. उरलेली मंद कड ७४एचसी१४ धारदार करून पिन २ वर देतो. तो उलटवणारा असल्यामुळे बटण दाबताच पिन २ वर जाते. आपल्याला तेच हवं, कारण ७४एचसी७४ चढत्या कडेलाच हलतो. इथे १४ च्या जागी ७४एचसी०४ घालू नका. पिना जुळतात, पण मंद कड त्याला पचत नाही. ७४एचसीच्या साध्या इनपुटला कड साधारण ५०० नॅनोसेकंदांच्या आत पुरी झालेली लागते, आणि आपली कड मिलिसेकंदांची आहे.

१४. ७४एचसी१४ च्या पिना ३, ५, ९, ११ आणि १३ ग्राउंडला जोडा. ही रिकामी इनपुटं आहेत. लोंबकळत ठेवलीत तर ती आपल्या मनाने वरखाली होतात. रिकाम्या आउटपुटांना मात्र हात लावू नका, ती मोकळीच ठेवायची.

बफर

पंगत मोठी असली की एकाच वाढप्याला पळवत नाहीत. चौघे एकाच पातेल्यातून भरून घेतात आणि एकदमच वाढायला निघतात. २४४ कडून आपल्याला एवढंच हवं आहे.

१५. २४४ च्या पिना १ आणि १९ ग्राउंडला जोडा. या त्याच्या कड्या आहेत. वर राहिल्या तर सगळी आउटपुटं बंद, आणि तुम्ही मात्र बटणाला दोष देत बसाल.

१६. २४४ च्या पिना २, ४, ६, ८ आणि ११ एकमेकींना आखूड तारांनी जोडा. पाच इनपुटं, एकच उगम.

१७. पिना १३, १५ आणि १७ ग्राउंडला जोडा.

१८. ७४एचसी१४ च्या पिन २ पासून २४४ च्या पिन २ पर्यंत एक तार टाका, शक्यतो वेगळ्या रंगाची. ही क्लॉकची मुख्य तार. पुढे ती काढून दुसरीकडे लावायची आहे.

१९. २४४ च्या पिना १८, १६, १४ आणि १२ वर प्रत्येकी ४७ ओहमचा एक रेझिस्टर लावा (पिवळा-जांभळा-काळा). रेझिस्टर बफरच्या पिनला चिकटूनच हवा. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावलात तर उपयोग नाही, कारण तारेत शिरणाऱ्या कडेची थरथर त्याने सुरुवातीलाच शोषायची असते.

२०. चार रेझिस्टरांच्या मोकळ्या टोकांपासून चार तारा चार ७४ कडे न्या: १८ वरची पहिल्याकडे, १६ वरची दुसऱ्याकडे, १४ वरची तिसऱ्याकडे, १२ वरची चौथ्याकडे. प्रत्येक ७४ वर ती पिन ३ ला लावा आणि तिथून आखूड जंपरने पिन ११ ला. चारही तारा साधारण सारख्या लांबीच्या कापा, पण फूटपट्टी घेऊन बसायची गरज नाही. हातभर तारेचा फरक दोन-तीन नॅनोसेकंदांचा असतो, आणि इथे साधारण दहापर्यंत खपतं. खपत नाही ते वाटेत घुसलेलं जादा गेट, कारण एकेक गेट आठ-बारा नॅनोसेकंद खातं. म्हणून पहिल्या ७४ चा क्लॉक एका बफरमधून आणि दुसऱ्याचा त्याच्यापुढच्या बफरमधून, अशी साखळी कधीही करू नका. क्लॉक थांबवायचा म्हणून त्याच्या तारेत अँड गेट घालू नका. आणि बफरची दोन आउटपुटं एकमेकांना जोडू नका.

२१. २४४ च्या पिन ९ वरून १ किलोओहममधून एक एलईडी ग्राउंडला लावा, लांब पाय रेझिस्टरकडे. क्लॉक बघायची ही आपली खिडकी. हा एलईडी थेट ७४ च्या क्लॉकच्या तारेवर टांगण्याची फार लोकांना हौस असते. तिथे नको, त्यासाठीच पाचवा बफर राखलाय.

चौकशी, मग पहिला ठोका

२२. मल्टिमीटर बीपवर ठेवून लाल आणि निळ्या पट्टीत टोकं लावा. क्षणभर चिवचिवला तर ते कपॅसिटर आहेत. सलग वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका.

२३. सप्लाय चालू करून क्लॉकचं बटण दाबा. पिन ९ चा एलईडी दाबताना पेटला आणि सोडताना विझला पाहिजे. उलट होत असेल तर पायरी ९ आणि १२ पुन्हा बघा. आयसींवर बोट ठेवून बघा, एखादा गरम लागला तर लगेच बंद करा, तो उलटा बसलाय.

२४. सप्लाय बंद करा.

रांग

आता फ्लिप-फ्लॉप. हा भाग सरळ आहे, पटापट उरकू.

२५. चारही ७४ वर पिना ४ आणि १० लाल पट्टीला जोडा. प्रीसेट लोंबकळत राहिला तर तो फ्लिप-फ्लॉप मनाला येईल तेव्हा एक होतो.

२६. चारही ७४ च्या पिना १ आणि १३ एकाच तारेवर आणा. ही क्लिअरची तार. ती क्लॉकच्या तारांना खेटून नेऊ नका.

२७. क्लिअरची तार १ किलोओहमने लाल पट्टीला आणि दुसऱ्या बटणातून ग्राउंडला जोडा.

२८. प्रत्येक ७४ वर पिन ५ पासून पिन १२ ला तार टाका. आतल्या पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा क्यू दुसऱ्याच्या डीला गेला. बाजूची पिन ६ उलटा क्यू देते, तिला चुकून धरू नका.

२९. पहिल्या ७४ ची पिन ९ दुसऱ्याच्या पिन २ ला, दुसऱ्याची ९ तिसऱ्याच्या २ ला, तिसऱ्याची ९ चौथ्याच्या २ ला जोडा.

३०. पहिल्या ७४ ची पिन २ उरलेल्या १० किलोओहमने ग्राउंडला आणि तिसऱ्या बटणातून लाल पट्टीला जोडा. या डेटाच्या बटणाला कपॅसिटर नको. फ्लिप-फ्लॉप त्याच्याकडे फक्त क्लॉकच्या क्षणी बघतो, मधल्या वेळात ते किती का टकटक करेना.

३१. आठही क्यूंवरून (प्रत्येक ७४ ची पिन ५ आणि मग ९) १ किलोओहममधून एकेक एलईडी छोट्या बोर्डावर ओळीने लावा. रेझिस्टर १ किलोओहमपेक्षा कमी घेऊ नका. जास्त उजेडाच्या लोभापायी क्यूचं वर जाणं अर्धवट राहतं.

३२. पायरी २२ ची बीप चाचणी पुन्हा करा. कंटाळा आलाय हे मान्य, तरी करा.

दिवा चालवून बघा

३३. सप्लाय चालू करून क्लिअर दाबून सोडा. आठही एलईडी विझले पाहिजेत.

३४. डेटाचं बटण दाबून धरा आणि क्लॉक एकदा दाबा. पहिला एलईडी पेटेल.

३५. डेटा सोडा आणि क्लॉक एकेकदा, सावकाश दाबत जा. दिवा दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, असा आठव्यापर्यंत जाऊन बाहेर पडायला हवा. दर वेळी फक्त एकच पेटलेला.

३६. तसं झालं नाही तर तार उपटण्याआधी दिव्याची चाल बघा. ऑसिलोस्कोप नसला तरी दोष कुठला हे दिवाच सांगतो.

दिवा सगळ्या रांगेत कुठेही दोन-दोन उड्या मारत असेल, तर ठोकाच दुहेरी येतोय. पायरी १३ चा कपॅसिटर नीट बसलाय का बघा.

एकच ठरावीक घर वगळलं जात असेल, उदाहरणार्थ दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर, तर फक्त त्या आयसीला एका ठोक्याचे दोन भासतायत. त्याच्या क्लॉकच्या तारेत थरथर आहे. तिचा ४७ ओहमचा रेझिस्टर तपासा, तार आखूड करा, तिच्यासोबत ग्राउंडची एक तार पिळून न्या आणि त्या आयसीचा ०.१ चा कपॅसिटर हलवून घट्ट बसवा.

शेजारचे दोन दिवे जोडीने पेटून जोडीनेच विझत असतील, तर त्या दोघांपैकी मागच्याला क्लॉक उशिरा मिळतोय. पुढच्याने आपली किंमत बदलून झाल्यावर हा जागा होतो आणि नवीच किंमत उचलतो. त्याच्या वाटेत जादा गेट शिरलंय का ते शोधा.

आणि एखादा दिवा कधीच पेटत नसेल, तर क्लॉकचा विचारही करू नका. बहुतेक तो एलईडीच उलटा आहे.

आपोआप ठोके

३७. सप्लाय बंद करून ७४एचसी१४ च्या पिन ३ ची ग्राउंडची तार काढा.

३८. पिन ४ आणि पिन ३ मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा.

३९. पिन ३ आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा उरलेला कपॅसिटर लावा, पट्ट्याचा पाय ग्राउंडला.

४०. क्लॉकची मुख्य तार पिन २ वरून काढून पिन ४ ला लावा. दोन्हीकडे एकदम लावू नका, दोन आउटपुटं भांडतील.

४१. सप्लाय चालू करा. सेकंदाला साधारण एक ठोका पडेल. डेटाचं बटण मधूनच दाबा आणि मजा बघा.

मुद्दाम बिघडवून बघा

हे केल्याशिवाय उठू नका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि क्लॉक मागेपुढे होणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

४२. सप्लाय बंद करून क्लॉकची मुख्य तार पुन्हा पिन २ ला आणा.

४३. ७४एचसी१४ च्या पिना ५ आणि ९ च्या ग्राउंडच्या तारा काढा आणि पिन ६ पिन ९ ला जोडा. दोन उलटवणारी गेटं एकामागे एक लागली: सरळचा सरळ, फक्त उशीर.

४४. तिसऱ्या ७४ ची क्लॉकची तार त्याच्या पिन ३ वरून काढून ७४एचसी१४ च्या पिन ५ ला लावा आणि पिन ८ पासून नवी तार तिसऱ्या ७४ च्या पिन ३ ला न्या.

४५. सप्लाय चालू करा, क्लिअर करा आणि एक दिवा सोडून चालवा. चौथ्या घराशी आला की बहुतेक वेळा चौथा आणि पाचवा जोडीने पेटतील.

४६. सप्लाय बंद करा आणि तोच उशीर तिसऱ्याऐवजी पहिल्या ७४ ला द्या. तिसऱ्याची तार आधी पूर्ववत करायला विसरू नका.

४७. पुन्हा दिवा चालवा. या वेळी तो सुतासारखा सरळ जाईल. उशीर तेवढाच आहे, पण आता मागच्यांना क्लॉक आधी आणि पुढच्याला नंतर मिळतोय, त्यामुळे प्रत्येकजण जुनीच किंमत उचलतो. तेव्हा मोठ्या बोर्डावर क्लॉकची तार लांबवर न्यायची वेळ आलीच, तर ती रांगेच्या शेपटाकडून डोक्याकडे आणा.

४८. उशिराची गेटं काढून सगळं पूर्ववत जोडा आणि पिना ५ व ९ परत ग्राउंडला लावा.

रांग वाढवायची झाली तर

४९. सोळा फ्लिप-फ्लॉपसाठी आणखी चार ७४ आणि दुसरा २४४ घ्या. एका २४४ मधून आठ वाटा निघू शकतात हे खरं, पण पहिल्याची पाचवी आपण एलईडीला दिली आहे, आणि लांबवर तारा ओढण्यापेक्षा नव्या चौघांच्या मधोमध त्यांचा स्वतःचा बफर बरा.

५०. नव्या २४४ ची इनपुटं ७४एचसी१४ च्या त्याच पिन २ ला जोडा. पहिल्या २४४ च्या आउटपुटावरून घेतलीत तर नव्या आठांना क्लॉक एक गेट उशिरा मिळेल, आणि पायरी ४५ मधली जोडी आठव्या-नवव्या घरात दिसू लागेल. कधी दिसेल, कधी नाही, आणि ते शोधणं जास्त कटकटीचं.